आक्काच्या हातावरची तुळस

आमच्या आक्काच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, एक तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. ते तिला नको होतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात तिला काय हवं आणि काय नको हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी मिरजेला डॉक्टरकी शिकत होतो. गाव आमचं कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. सातारा जिल्हा संपतो आणि सांगली सुरू होतो तिथलं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. पलटणीतून हवालदार होऊन ते पेन्शनीवर आले होते आणि आता उसाला पाणी पाजायचं कामही परेडीच्या शिस्तीत करायचे. घरात आई होती, मोठी बहीण आक्का होती आणि मी. मला अक्षरं आक्कानं शिकवली, नदीत पोहायला तिनंच शिकवलं, आणि आमच्या घरात हसायचं कामही बहुतेक तिच्याकडंच होतं.

तिचं दुखणं ती शाळा सोडून घरी बसली त्या थंडीत सुरू झालं. आधी घसा आला, ताप आला, तो उतरलाही. नंतर एका सकाळी तिच्या पाठीवर, पोटावर, दंडांवर लाल ठिपके उठले, कुणी बोटांनी कुंकू शिंपडावं तसे. आईला वाटलं गोवर. ठिपके बरेचसे गेले, पण दोन्ही कोपरांवर आणि डोक्यात कानांच्या मागं जाड, लाल चट्टे राहिले. त्यांच्यावर पांढरी खपली धरायची आणि नख लावलं की पापुद्रे सुटायचे. आई म्हणायची, "उष्णता हाय. पोटातली उष्णता भाईर पडतीया." मग सब्जा झाला, गुलकंद झाला, कडुलिंबाच्या पाल्याच्या आंघोळी झाल्या. वाईच्या एका वैद्यांच्या पुड्या झाल्या. त्यांनी पथ्य म्हणून वांगं, दही, लोणचं, शेंगदाणे आणि एकंदर जिभेला बरं लागेल ते सगळंच बंद केलं. आक्का म्हणायची, "गुन्हा कोपराचा आन शिक्षा जिभंला व्हय?"

आईचा खरा भरवसा मात्र वज्रीवर. टाचा घासायची ती खरबरीत वज्री घेऊन ती दर रविवारी न्हाणीत आक्काच्या कोपरांवर तुटून पडायची. पांढरं सगळं निघून खाली लालबुंद कातडी दिसायला लागली आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब आले की आईला समाधान वाटायचं. "निघालं बघ समदं," म्हणायची. दोन आठवड्यांत चट्टा पहिल्यापेक्षा रुंद होऊन परत यायचा. आई मग आणखी जोर लावायची. आमच्याकडं न जाणाऱ्या गोष्टीवर एकच उपाय असतो, आणखी घासणं. भांड्याला तो चालतो. माणसाच्या अंगाला चालत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आक्काला ते आपलं आपणच उमगलं होतं. उसाच्या पाचटानं हाताला चरा पडला की काही दिवसांनी बरोबर त्याच चऱ्यावर लाल रेघ उठायची आणि पांढरी व्हायची. पायाला काटा ओरखडला की तिथं तेच. ती मला एकदा म्हणाली होती, "माझ्या कातडीला दुखावल्यालं लय ध्यानात ऱ्हातंय." मी तेव्हा हसलो होतो.

तिचं लग्न ठरलं विट्याच्या बाजूला. तिकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात. देशभरच्या शहरांतून जुनं सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं चालवतात. आमचे दाजी मद्रासकडं आपल्या चुलत्याच्या दुकानात होते. शांत माणूस, दिसायला बरा, कमावता. अॅसिडनं त्यांच्या बोटांची टोकं पिवळी पडलेली आणि सोललेली असायची. मुलगी बघायला आले तेव्हा आक्काच्या पोलक्याच्या बाह्या कोपराखाली होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. आणि सांगणार तरी काय होतो? आमच्या लेखी तो कोंडा होता. कोंडा कुणी लग्नाच्या बोलणीत काढत नाही.

सासरच्या घरात एक रीत होती. सुनेच्या हातावर तुळस गोंदलेली नसेल तर तिनं केलेला नैवेद्य कुलदेवतेला चालत नसे. त्या गल्लीतल्या बाकीच्या घरांनी ही रीत केव्हाच सोडून दिली होती. पण आक्काच्या सासूबाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. पाच सुवासिनींच्या साक्षीनं गोंदणारीण बसवली गेली. आक्का म्हणाली, "आत्याबाई, मला सोसायचं न्हाई. माझ्या अंगाला वरखडा बी चालत न्हाई."

"आमास्नी सोसलं, आमच्या सासवांस्नी सोसलं. तू काय लोण्याची हायेस व्हय?"

काजळीत कसल्याशा पाल्याचा रस कालवलेला होता. तीन सुया एकत्र बांधलेल्या होत्या. आक्कानं हात पुढं केला. झाल्यावर सासूबाईंनी स्वतः हळद-तेल लावलं आणि म्हणाल्या, "झालं. आता तू आमची झालीस." हे आक्कानं मला पुढं जसंच्या तसं सांगितलं होतं. त्या वेळी सासूबाई मायेनं बोलल्या होत्या असंही ती म्हणायची.

दोन आठवड्यांनी तुळस उठली. आधी रेघा लाल झाल्या, मग फुगल्या, मग त्यांच्यावर पांढरी खपली धरली. वृंदावनाचा कट्टा, मधलं खोड, दोन्ही बाजूंची पानं, सगळं जसंच्या तसं, पण हिरव्याऐवजी पांढरं. सासूबाईंना वाटलं, गोंदण बिघडलं. गोंदणारणीनं हात आखडता घेतला, शाई नीट खोल गेली नाही. तिला परत बोलावून शिव्या दिल्या आणि त्याच रेघांवरनं दुसऱ्यांदा सुई फिरवली. जिथं पहिल्या टोचणीनं आग लागली होती तिथंच दुसऱ्यांदा टोचलं. बिघडलेलं काम तिथंच परत करून घ्यायचं, हा आमच्याकडच्या घराघरातला शहाणपणा. तो तिथं वापरायला नको होता एवढंच.

महिन्याभरात हातावर तुळस उरली नाही, एक जाड पांढरा ढलपा उरला. शेजारणी साखर मागायच्या निमित्तानं येऊन बघून जायला लागल्या. कुणीतरी देवीचा कोप म्हणालं. मग कुणीतरी महारोग म्हणालं, आणि तो शब्द एकदा उंबऱ्याच्या आत आला की परत बाहेर जात नाही. आक्काचं ताट वेगळं झालं, मग अंथरूण वेगळं झालं. दाजी मद्रासला होते.

पंचमीला लेकीला माहेरी आणायला आबा गेले. पंचमीला येणारी लेक दोन लुगडी घेऊन येते. आबांच्या हातात सासूबाईंनी ट्रंक दिली. आबा मला म्हणाले होते, "उचलली आन कळालं मला." ट्रंकेत आक्काचे सगळे कपडे होते, हिवाळ्याची शाल सुद्धा. तिला परत न्यायला दसऱ्याला कुणी आलं नाही आणि दिवाळीला पण कुणी आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा आक्का परड्यात धुणं धूत होती. मला बघून तिनं हात पदराखाली घेतला. माझ्यापासून तिनं हात लपवला, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी तसाच घरात निघून गेलो. संध्याकाळी मीच विषय काढला. हात बघितला. पुस्तकात या रोगाचं चित्र मी पाहिलं होतं, सोरायसिस म्हणतात हेही पाठ केलं होतं. पण पुस्तकातल्या हाताला तुळस नव्हती.

मी तिला एस.टी.नं मिरजेला घेऊन गेलो. चामडीच्या रोगांचे आमचे सर वयस्क होते, बोलायला तुटक. त्यांनी आक्काला समोर बसवलं आणि हातात काही न घालता, उघड्या हातानं तिचा हात धरला. बोटांनी चट्टा चाचपला, कोपर चाचपलं, केसांत बोटं घालून बघितलं. आक्का रडायला लागली. सर दचकले, त्यांना वाटलं दुखलं. दुखलं नव्हतं. कित्येक महिन्यांत तिला आईशिवाय कुणी हात लावला नव्हता.

"महारोग नाही," सर म्हणाले. "कुणाला लागत नाही. खुशाल स्वयंपाक कर, पोरांना मांडीवर घे." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुकडा काढू. लोकांना कागद दाखवला की पटतं." चट्ट्याच्या कडेचा, तुळशीच्या कट्ट्यालगतचा मसुराच्या दाण्याएवढा तुकडा त्यांनी काढला. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "माझं काय काढून घेतलं ते मला बी दाखीव कवातरी." मी हो म्हणालो.

स्लाइड तयार झाल्यावर सरांनी मला बोलावून घेतलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर गुलाबी-जांभळा प्रदेश दिसला. सर शेजारी उभे राहून सांगत होते, "वरचा जाड थर बघ. तुझी-माझी कातडी महिन्याभरात पिकून गळते. हिची चार-पाच दिवसांत. अर्धीकच्चीच वर येते, म्हणून पांढरी साचते. आता खाली ये." खाली रक्तवाहिन्या होत्या, फुगलेल्या, आणि त्यांच्या भोवती गर्द निळे ठिपके दाटीवाटीनं जमलेले. त्यातले काही वर कातडीत शिरत होते. अगदी वर, खपलीच्या आत, दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींची लहान-लहान टोळकी अडकून बसली होती.

"या सगळ्या रक्तातल्या रक्षक पेशी," सर म्हणाले. "जंतू शिरला की धावून येणाऱ्या."

"जंतू कुठं आहे, सर?"

"शोध."

मी शोधला. कडेपासून कडेपर्यंत सगळी स्लाइड पालथी घातली. जंतू कुठंच नव्हता.

"मग या आल्यात कुणासाठी?"

"ते कुणालाच नीट माहीत नाही. कुणी म्हणतात कातडी आधी बिघडते आणि या मागून येतात. कुणी म्हणतात या आधी येतात आणि कातडीला बिघडवतात." सरांनी चष्मा पुसला. "एवढं खरं, की कातडीला इजा झाली की या हटकून येतात. टोचलं तिथं येतात, घासलं तिथं येतात. आणि एकदा आल्या की सहजासहजी जात नाहीत."

पुढं माझे केस पांढरे व्हायला लागल्यावर कळलं की त्या निळ्या ठिपक्यांचाच या रोगात मोठा हात असतो. हाकाटी तेच करतात, कातडी त्या हाकाटीनं भराभर वाढत सुटते, आणि तिची ती गडबड पाहून ते आणखी हाकाटी करतात. त्यांना गप्प करणारी औषधंही निघाली. आक्काला त्यांचा काही उपयोग व्हायचा नव्हता, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दिवशी सूक्ष्मदर्शकापासून डोळा बाजूला घेण्यापूर्वी मला खोलवर आणखी काहीतरी दिसलं. निळ्या गर्दीच्या खाली काळसर कणांनी भरलेल्या मोठ्या पेशी होत्या. मी विचारलं.

"ते गोंदण," सर म्हणाले. "शाई आत गेली की तिथल्या खादाड पेशी ती गिळतात. पचवता येत नाही आणि टाकताही येत नाही. तशाच बसून राहतात. म्हणून तर गोंदण जन्मभर पुसत नाही. त्याही त्याच फौजेतल्या, बरं का."

घरी येऊन मी आबांना हे सगळं समजावून सांगितलं. ते पायरीवर बसून विळ्याला धार लावत होते. धार लावायची थांबवून त्यांनी ऐकलं. जंतू नाही, शत्रू नाही, आपलीच फौज आपल्याच कातडीवर उठली आहे, हे त्यांना मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर कळलं.

"आमच्यात झालतं असं," ते म्हणाले. "बर्फात ठाणं हुतं. आमचीच टोळी गस्त घालून माघारी येत हुती. परवलीचा शब्द सांजंला बदलला हुता, त्यास्नी ठावं न्हवतं. आमच्याच पहाऱ्यावरच्या गड्यानं गोळी घातली. त्यो गडी वाईट न्हवता रं. भ्याला हुता." मग विळा बाजूला ठेवून म्हणाले, "आक्काच्या अंगातली बी भ्याल्यात म्हणायची. आत्ता मी सांगतो त्यांच्या घरी जाऊन. ह्ये सांगितलं की पटंल बघ." किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

त्यांच्या गावच्या जत्रेला दाजी रजा काढून आले होते. तो मोका साधून आबा आणि मी गेलो. आबांनी पलटणीतला कोट घातला होता. आम्ही निघताना आक्का पुढं आली. तिनं माझ्या पिशवीत दाजींसाठी करंज्यांचा डबा ठेवला. मग परत येऊन तो काढून घेतला आणि म्हणाली, "नगं. माझ्या हातचं म्हंजी खायाचं न्हाईत. इस्कोट हुईल उगं." आणि मग बाजारातल्या बत्ताशांचा पुडा ठेवला.

आम्हाला सोप्यात बसवलं. पाणी आलं, चहा आला. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या, दाजी खांबाला टेकून उभे राहिले. मी सरांचा कागद काढला आणि वाचून दाखवला. महारोग नाही. लागत नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. त्या भांडकुदळ बाई नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायला हवं. भांडल्या असत्या तर आम्हीही भांडलो असतो.

"जंतू न्हाई म्हंता," त्या म्हणाल्या. "मग हाय तरी काय?"

आबा पुढं सरकले. "इहीणबाई, ऐका माझं. आपल्या रगतात पहारेकरी असत्यात. रोगाला अडवणारं. पोरीच्या अंगातलं पहारेकरी चुकून तिच्याच कातडीला दुष्मन समजत्यात. दुसरं काय न्हाई. पोरीचा काय दोष न्हाई." आणि मग त्यांनी बर्फातल्या ठाण्याची सगळी गोष्ट सांगितली. मन लावून सांगितली. मी आबांना कुणापुढं एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई विचार करत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजी तिचं रगातच तिच्यावर उलटलंय."

"तसं म्हणा," आबा म्हणाले.

"आवं, जंतू असता तर औशिद दिऊन मारला असता. भाईरचं असतं तर भाईर काढलं असतं. ह्ये तर रगतातच हाय." त्या मान हलवत होत्या. "जिला तिचं रगातच आपली म्हणंना, तिला आमी आमची कशी म्हणायची?"

आबांचं तोंड उघडं राहिलं.  आम्ही ज्याच्या भरवशावर आलो होतो तेच त्या बाईनं उचलून आमच्यासमोर ठेवलं होतं. मला भयंकर राग आला. पण तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण सासूबाई जे म्हणाल्या त्यातला पहिला अर्धा भाग अगदी बरोबर होता. तो माझ्या पुस्तकातही तसाच होता.

दाजी आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. एस.टी. यायची होती. आबा लांब जाऊन उभे राहिले. दाजी आपल्या पिवळ्या, सोललेल्या बोटांकडं बघत मला म्हणाले, "तुमी शिकलेलं हाय, खरं काय ते सांगा. जाईल का ह्ये?"

"कमी होईल. उन्हाळ्यात दिसणारही नाही कदाचित. पण परत येईल."

"आन पोरांत उतरंल?"

"उतरेल असं नाही. पण उतरू शकतं."

त्यांनी मान डोलावली. खोटं बोललो असतो तर काय झालं असतं, असं मला पुढं अनेकांनी विचारलं. काही झालं नसतं. पुढच्या थंडीत चट्ट्यांनी स्वतःच सांगितलं असतं आणि आक्काला ती ट्रंक दुसऱ्यांदा उचलावी लागली असती. दाजी म्हणाले, "तिला म्हणावं, मी..." आणि तेवढ्यात गाडी आली. ते काय म्हणणार होते ते मला कधी कळलं नाही. बत्ताशांचा पुडा त्यांच्या हातात तसाच होता.

घरी पोचलो तेव्हा आक्का दारात उभी होती. तिनं आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि पाय धुवायला पाणी आणायला आत गेली. त्या दिवसापासून आबांनी पलटणीतली एकही गोष्ट कुणाला सांगितली नाही. गल्लीतली पोरं मागं लागायची, ते उठून मळ्यात जायचे. आपल्या तोंडून आपल्याच पोरीवर गोळी सुटली असं त्यांना वाटत राहिलं, आणि ते तसं नव्हतं हे त्यांना पटवणं मला जमलं नाही.

संक्रांतीनंतर एक दिवस विट्याकडून ट्रॉली आली. तीत आक्काच्या लग्नातली भांडी होती. हंडा, कळशी, परात, सगळं घासूनपुसून लखलखीत केलेलं, सगळ्यांवर तिचं नाव. लग्नात चुकून आलेली दुसऱ्याच कुणाची एक वाटी होती, ती त्यांनी ठेवून घेतली होती. एवढी प्रामाणिक माणसं होती ती. पुढच्या वैशाखात दाजींचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. आई न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वज्री तिनं त्याआधीच, मी घासायचं बंद करायला सांगितलं तेव्हा, परड्यात फेकून दिली होती.

आक्का आता दर दोन महिन्यांनी मिरजेला यायची, मलमासाठी. डांबराचं मलम होतं ते. अंगाला डांबराचा वास, लुगड्याला डाग, अंथरुणाला डाग. पंगतीला बसली की शेजारची बाई नाकाला पदर लावायची. उन्हाळ्यात मळ्यात उन्हानं चट्टे बरेच मावळले होते. हातावरची खपली पातळ होऊन खालनं हिरवी तुळस परत दिसायला लागली होती, पहिल्यांदा गोंदली तेव्हा दिसली असेल तशी. मला ती बघवत नसे.

त्या फेरीला ती म्हणाली, "तू मला दाखवणार हुतास."

प्रयोगशाळेत दुपारी कुणी नसायचं. ती स्लाइड सरांनी विद्यार्थ्यांसाठी ठेवून दिली होती, तिच्यावर फक्त नंबर होता. मी ती लावली, नीट केली, स्टूल दिलं. आक्कानं पदर मागं सारला आणि डोळा लावला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं.

"अगं बया," ती म्हणाली. "रंगीत हाय की. ह्ये मी?"

"तू."

"ही निळी-निळी कोण?"

"तीच. पहारेकरी."

"लय गर्दी केलीया." ती बराच वेळ बघत राहिली. "मला बघाय एवढी माणसं लग्नात बी न्हवती." बऱ्याच दिवसांनी ती हसली. मग हसायची थांबली. "आन ही खालची काळी?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण ती डोळा बाजूला घेईना.

"ती तुझी तुळस आहे. सुईनं शाई आत गेली ती या पेशींनी गिळली. त्यांना ती पचत नाही, पण त्या सोडत नाहीत."

"कवापतूर?"

"शेवटपर्यंत."

तिनं डोळा आणखी जवळ नेला. मला वाटलं, तिला नीट दिसत नसेल, म्हणून मी पुढं झालो. तिनं हातानंच मला थांबवलं. खिडकीतून ऊन येऊन तिच्या डाव्या हातावर पडलं होतं आणि ते वृंदावन स्पष्ट दिसत होतं.

"हळद लावून म्हणल्या हुत्या, आता तू आमची झालीस," आक्का डोळा न हलवता म्हणाली. "त्यांनी तर सोडलं. आन ही बसल्यात अजून धरून." आणि अगदी सहज, शेजारच्या घरातली बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "ह्यास्नी कुणी कळवलंच न्हाई वाटतं."

मग तिनं हातावर पदर ओढला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.